डाव्या पात्याची बाहेरची कड

वेद कारखानीसच्या दोन्ही घोट्यांवर घट्टे आहेत. वीस वर्षं बूट जिथे आवळला गेला, तिथली कातडी आता कातडीसारखी लागत नाही. उन्हाळ्यात तो उघड्या चपलांत हिंडतो तेव्हा लोकांची नजर तिकडे जाते. कुणी विचारलंच तर तो म्हणतो, आइस हॉकी खेळायचो. कुठे, असं विचारलं तर डोंगराखालच्या एका छोट्या गावाचं नाव सांगतो. तिसरी लीग, असंही सांगतो. इंगोलश्टाटचं नाव घेत नाही, जरी तो वाढला तिथेच.

हरीश आणि प्रभा कारखानीस २००४च्या फेब्रुवारीत पुण्याहून जर्मनीतल्या इंगोलश्टाटला आले तेव्हा वेद पाच वर्षांचा होता. हरीश गिअरबॉक्सचा माणूस. कारखान्याने त्याला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. तीनाची पाच झाली, पाचाची नऊ. ‘परत जायचंच आहे’ हे वाक्य त्या घरात फ्रिजसारखं होतं. सतत चालू, आणि त्याचा आवाज कुणालाच ऐकू येत नसे.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी आपल्या मुलीबरोबर वेदला बर्फावर नेलं. मुलगी भिंत धरून राहिली. वेद पडला, उठला, पुन्हा पडला, आणि तासाभराने त्याला बाहेर काढायला तिथल्या माणसाला आत जावं लागलं. घरी आल्यावर त्याने आईला एवढंच सांगितलं की तिथे चालावं लागत नाही.

हरीशला हॉकी कधीच नीट कळली नाही. त्याला पातं कळलं. स्केटचं पातं सुरीसारखं नसतं. त्या चिंचोळ्या पट्टीच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते. पन्हळीच्या दोन बाजूंना दोन कडा राहतात, आतली आणि बाहेरची. बर्फाला धरतात त्या या कडा. दोन्ही सारख्या उंचीच्या हव्यात. केसाएवढा फरक पडला तरी वळताना पाय दगा देतो. दुकानातला माणूस घाईत धार लावतो हे हरीशच्या लक्षात आलं तेव्हा त्याने बंद पडलेल्या एका दुकानातून धार लावायचं जुनं मशीन आणलं आणि तळघरात बसवलं. दर शुक्रवारी संध्याकाळी तो तिथे उतरे. पातं सांगाडीत आवळायचं, फिरत्या चाकावरून हलक्या हाताने पुढेमागे न्यायचं, मग छोटा गुण्या लावून दोन्ही कडा समान आहेत का ते दिव्यासमोर धरून पाहायचं. शेवटी अंगठ्याचं नख कडेवर ओढायचं. नखाची पांढरी भुकटी निघाली की तो म्हणे, “झालं.” वेद पायरीवर बसून पाहत असे. बापलेकांचं बोलणं फार नव्हतं. ठिणग्या उडत, आणि त्या दोघांनाही पुरेशा वाटत.

दसऱ्याला प्रभा पाटावर हरीशची व्हर्निअर कॅलिपर मांडी आणि शेजारी वेदचे स्केट्स. हळदकुंकू, अक्षता, बागकामाच्या दुकानातून आणलेला झेंडू. एका वर्षी कुंकू पुसायचं राहिलं. ड्रेसिंग रूममध्ये एकाने विचारलं की हे कुणाचं रक्त. वेदने सांगितलं, गेल्या मॅचमधल्या गोलकीपरचं. त्यानंतर दर ऑक्टोबरात पोरं विचारू लागली, यंदा कुणाला मारलंस, आणि दोघांनी आपलेही स्केट्स त्याच्या आईकडे पाठवायचं ठरवलं होतं.

सोळाव्या वर्षी त्याच्या ज्युनिअर संघाचा प्रशिक्षक होल्ट्सर त्याला बाजूला घेऊन बोलला. हा माणूस कमी बोले आणि बोलताना समोरच्याच्या गुडघ्यांकडे पाही. तो म्हणाला की तू बचाव चांगला करतोस, या शहराच्या पहिल्या लीगच्या संघात एक दिवस खेळू शकशील. पण तुझा पासपोर्ट भारतीय आहे. ज्युनिअरमध्ये ते कुणी विचारत नाही. मोठ्यांच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि त्या गोल करणाऱ्या कॅनडावाल्यांना जातात. याच शहरात वाढलेल्या बचावपटूवर कुठलाही क्लब ती जागा खर्च करणार नाही. जर्मन नागरिकत्वासाठी आत्ताच अर्ज कर, वेळ लागतो.

वेदने अर्ज आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तीन संध्याकाळी भरला. २०१५चा फेब्रुवारी होता. सही करताना त्याने आधी दुसऱ्या कागदावर सराव केला, कारण तोवर त्याने कुठेच सही केली नव्हती. हरीशने सगळा अर्ज वाचला, एका तारखेतली चूक दाखवली आणि म्हणाला, “दे इकडे. उद्या सकाळी मी त्या ऑफिसच्याच बाजूला जाणार आहे.”

हरीश दुसऱ्या दिवशी त्या बाजूला गेला. अर्ज त्याच्या बॅगेत होता. ऑफिससमोर त्याने गाडी लावली आणि तो आतच बसून राहिला. भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. जर्मन आला की भारतीय गेला. मग दोन वर्षांनी वेदला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घालायचं झालं तर तो तिथे परदेशी म्हणून उभा राहणार. ते कॉलेज हरीशचं होतं. तिथल्या कार्यशाळेत त्याने पहिल्यांदा लोखंड कानशीने सपाट केलं होतं. वेदचं गणित चांगलं होतं. हॉकी ही काय, बाकीच्यांच्या मुलांचा तबला असतो, बुद्धिबळ असतो, बारावीपर्यंत चालतं आणि मग आपोआप सुटतं. आपण मुलाचं काही हिरावून घेतोय असं त्याला वाटलं नाही. एक दार उघडं ठेवतोय असं वाटलं. तो कामावर गेला. संध्याकाळी अर्ज त्याने प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि ऑर्डनरमध्ये, त्या जाड फायलीत, लावला. कागदाला भोकं पाडली नाहीत. पुढेमागे द्यायचा झाला तर तो स्वच्छ असावा.

वेदने दोनतीन महिन्यांनी विचारलं. हरीश म्हणाला, ऑफिस आहे ते, वेळ लागतो. या देशात हे खोटं सजवून सांगावं लागत नाही. ते कुणालाही पटतं.

२०१७मध्ये वेद शाळेतून बाहेर पडला आणि हरीशने पुण्याचा विषय काढला. वेदने जर्मनमध्ये एका शब्दात नाही म्हटलं. त्या दिवशी दार बंद झालं. अर्ज त्या दिवशी नेऊन देता आला असता. पण मग आधीच्या दोन वर्षांचं काय झालं हे सांगावं लागलं असतं. हरीशने ठरवलं, पुढच्या महिन्यात सांगू. शुक्रवार येत राहिले. तो तळघरात उतरत राहिला. त्या काळात त्याने लावलेली धार आयुष्यातली सगळ्यांत चांगली होती, असं वेद आजही म्हणतो.

एप्रिल २०१९. वेद वीस वर्षांचा. शहराच्या पहिल्या लीगच्या संघातल्या मॅनेजरच्या मदतनिसाने त्याला बोलावून घेतलं. एका बचावपटूचा खांदा गेला होता, जागा रिकामी होती. करार दोन वर्षांचा, सुरुवातीला बाकावर बसावं लागेल, पण जागा खरी होती. बोलता बोलता त्याने विचारलं, पासपोर्टचं काम चालू आहे ना. वेद म्हणाला, हो, चार वर्षं झाली. त्या माणसाने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, चार?

वेदने घरी येऊन ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नाव अक्षर अक्षर करून घेतलं, जन्मतारीख घेतली, शोधलं. पुन्हा शोधलं. त्या उद्धट नव्हत्या. उलट तिसऱ्यांदा शोधताना त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी विचारलं, अर्ज इथपर्यंत पोचलाच नसेल असं होऊ शकतं का?

हॉलमधल्या कपाटात हरीशच्या फायली ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर त्याच्या आखीव अक्षरात नाव. वेद, शाळा. वेद, हॉकी. वेद, डॉक्टर. अर्ज यांपैकी कशातच नव्हता. शेवटी एक होती जी वेदने कधी उघडलेली पाहिली नव्हती. वेद, पुणे. तिच्यात जन्माचा दाखला होता, लसींचं कार्ड, दोन वर्षं जुनं कॉलेजचं माहितीपत्रक, आणि पाकिटात तो अर्ज. खाली सोळा वर्षांच्या मुलाची सही, जरा जास्तच वळणदार.

संध्याकाळी हरीश कामावरून आला, हात धुऊन टेबलाशी बसला. वेदने पाकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. प्रभा पोळ्या करत होती. तिने तवा बाजूला सरकवला.

हरीशने पाकीट ताटापासून जरा दूर सरकवलं. मग म्हणाला, “टाकून नव्हता दिला. ठेवला होता.”

त्यानंतर तो पुष्कळ बोलला. कॉलेजबद्दल, स्वतःच्या वडिलांबद्दल, वेदच्या गणिताच्या मार्कांबद्दल. तीन वर्षांसाठी आलो होतो, असंही म्हणाला. सगळं खरं होतं. मशीन सुटं करून टेबलावर मांडावं तसं त्याने ते मांडलं, आणि प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर होता. प्रभा मध्येच म्हणाली, “अहो, मी विचारलं होतं तुम्हाला. फायली पुसताना दिसला होता मला हा कागद. तुम्ही म्हणालात, वेदला माहीत आहे.” हरीश तिच्याकडे न बघता पाकिटाची कड सरळ करत राहिला.

वेद घरात जर्मन बोलत असे. मराठी त्याला कळे, पण तोंडातून येत नसे. त्या दिवशी आली. “चार वर्षं तुम्ही दर शुक्रवारी माझ्या स्केट्सना धार लावत होतात, बाबा.”

यापलीकडे त्या घरात त्या विषयावर कधी काही बोललं गेलं नाही.

क्लबने आठवडाभर वाट पाहिली. परदेशी जागा सगळ्या भरलेल्या होत्या. मॅनेजर प्रामाणिक होता. म्हणाला, पासपोर्ट घेऊन ये, मग बघू. वेदने नवा अर्ज स्वतः नेऊन दिला आणि पोचपावती पाकिटात ठेवली. ती अजून त्याच्याकडे आहे.

डोंगराखालच्या त्या गावाने त्याला घेतलं. तिसऱ्या लीगमध्ये संघाच्या दोन परदेशी जागा, त्यातली एक त्याला मिळाली. गावाचा दरवर्षीचा परदेशी म्हणजे कॅनडाचा नाहीतर चेकचा, तीसचाळीस गोल ठोकणारा. यंदा आला तो इंगोलश्टाटचा, त्यांच्याच बोलीत बोलणारा, आणि काम काय तर दुसऱ्यांनी मारलेली पक, ती कडक रबरी चकती, अंगावर घेणं. पहिल्या हंगामात त्याने तीन गोल केले. उभं राहून पाहणाऱ्यांतला एक म्हातारा दर मॅचला ओरडे, काय रे कॅनडावाल्या, गोल कुठल्या दिशेला असतो ते सांगू का. लोक हसत. वेदही हसे. हळूहळू त्याचं नावच कॅनडावाला पडलं. प्रेमाने. बसच्या ड्रायव्हरपासून बेकरीतल्या बाईपर्यंत सगळे त्याला तसंच हाक मारत. ते प्रेम खरं होतं, आणि प्रत्येक वेळी ते नेमकं तिथेच लागे.

त्याने बापाशी भांडण केलं नाही. फोन बंद केला नाही. फक्त स्केट्स क्लबच्या सामानवाल्याकडे धारेला देऊ लागला. त्या वर्षीच्या दसऱ्याला प्रभाने पाटाचा फोटो पाठवला. व्हर्निअर कॅलिपर होती, शेजारी झेंडूचं एक फूल, आणि त्याच्या बाजूला पाटाची रिकामी जागा. तिने वस्तू पसरून ती भरली नव्हती.

हरीश मॅचला येत राहिला. दीड तास गाडी चालवत, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चिवडा घेऊन. गोलच्या मागच्या काचेशी त्याची जागा ठरलेली. तो टाळ्या वाजवत नसे. खेळाडूंच्या पायांकडे पाही. मुलाच्या पात्यांची पन्हळ हवी त्यापेक्षा उथळ आहे, वळताना तो घसरतोय, हे त्याला काचेतून दिसत होतं. मॅच संपल्यावर तो चिवड्याचा डबा पुढे करी, रस्त्यावर धुकं होतं का ते सांगे, आणि निघे. धारेबद्दल बोलण्याचा हक्क आपल्याला राहिलेला नाही हे त्याला कळलं होतं.

पहिल्या हंगामाच्या शेवटी वेदच्या गुडघ्यातलं काहीतरी फाटलं. मग महामारी आली. रिकाम्या हॉलमध्ये मॅचेस झाल्या, पक भिंतीवर आपटल्याचा आवाज पूर्ण फेरी मारून परत येई. याच दिवसांत, फेब्रुवारी २०२१मध्ये, पासपोर्ट आला. वेदने इंगोलश्टाटला फोन केला. मॅनेजर बदलला होता. नवा माणूस सौजन्याने बोलला, त्याचं नाव लिहून घेतलं. ज्युनिअर संघातून एकोणीस वर्षांचे दोघे नुकतेच वर घेतले होते, असं त्याने सांगितलं. वेद तेव्हा बावीसचा होता. या खेळात बावीस आणि फाटलेला गुडघा म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या वर्षी आजोबा गेले म्हणून तिघं पुण्याला जाऊन आले. परतताना म्युनिकच्या विमानतळावर वेद काचेच्या दारातून मिनिटात पलीकडे गेला. हरीशने आपला पासपोर्ट बदलला नव्हता. प्रभाने दोनदा सुचवलं, तो नको म्हणाला, कारण सांगितलं नाही. तो दुसऱ्या देशांच्या रांगेत उभा राहिला, प्रभा त्याच्याबरोबर. रांग लांब होती. वेद पलीकडे उभा राहून पाहत होता. बाप एकेक पाऊल पुढे सरकत होता आणि दर वेळी मान वर करून, मुलगा थांबलाय का, ते बघत होता. वेद थांबला होता. त्याच्यापाशी जायला मात्र इकडून वाट नव्हती.

दिवस गेले. सकाळी खेळाच्या सामानाच्या दुकानात अर्धा दिवस नोकरी, दुपारी सराव, शनिवार-रविवार बस. गुडघा दर हंगामात थोडा अजून जाई. गेल्या वर्षी जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की आता पुरे. ९ मार्चला, रविवारी, संघाची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती, आणि ती त्याची शेवटची ठरली.

त्याच सुमारास प्रभाचा फोन आला. बाबांचा उजवा हात कापतो. वर्ष होऊन गेलं, त्यांनी लपवून ठेवलं होतं, आता कामावरून लवकर निवृत्ती घेतली आहे. कप दोन्ही हातांनी धरतात. मग ती थांबली आणि म्हणाली, “अजून दर शुक्रवारी खाली जातात. मशीन पुसतात आणि वर येतात.”

मॅचच्या आधीच्या शुक्रवारी वेद स्केट्स घेऊन घरी गेला. सहा वर्षांत पहिल्यांदा. हरीशने दार उघडलं, खांद्यावरची पिशवी पाहिली आणि तळघराच्या किल्ल्या घेतल्या.

खाली सगळं जागच्या जागी होतं. मशीनवर तेलाचा पातळ थर होता, धुळीचा कण नव्हता. हरीशने चष्मा बदलला. उजवा बूट आधी घेतला. सांगाडी आवळताना स्क्रूच्या खाचेत पेचकस तीनदा चुकला. मग त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पातं चाकावर टेकवलं. ठिणग्या उडाल्या. वेद त्याच पायरीवर बसला होता. त्याला दिसत होतं की पातं सरळ जात नाहीये. राहू द्या बाबा, मी तिकडे लावून घेईन, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही.

डावा बूट झाल्यावर हरीशने गुण्या कडेवर ठेवला आणि दिव्यासमोर धरला. खूप वेळ पाहत राहिला. हातातलं पातं थरथरत होतं आणि गुण्याही थरथरत होता. दोन्ही थरथरत असताना समान काय आणि तिरकं काय हे कुणाला सांगता आलं असतं. शेवटी त्याने अंगठ्याचं नख ओढलं. भुकटी निघाली.

“झालं,” तो म्हणाला.

रविवारी दुपारी वॉर्म-अपच्या पहिल्याच वळणावर वेदला कळलं. डाव्या पात्याची बाहेरची कड खाली बसली होती. डावीकडे वळताना पायाखालून कुणीतरी बर्फ ओढून घेतंय असं वाटत होतं. सामानवाल्याने बाकाच्या मागून पाहिलं आणि सांगितलं, काढ बूट, दोन मिनिटांत करून देतो. मशीन तयारच होतं. वेदने नको म्हणून मान हलवली.

तो साठ मिनिटं त्याच पात्यांवर खेळला. चारदा पडला. एकदा समोर कुणी नसताना, एकटाच, मैदानाच्या मध्यावर. म्हातारा ओरडला, कॅनडावाल्या, उभं राहायलाही विसरलास का रे, आणि मग त्याचाच आवाज चिरकला, कारण आजचा दिवस कोणता ते त्याला माहीत होतं. त्याच पडण्यातून दुसऱ्या संघाचा एक गोल झाला. सामना तीन-दोन असा गेला. शेवटी लोकांनी उभं राहून त्याचं नाव घेतलं. खरं नाव, सहा वर्षांत पहिल्यांदा. गोलच्या मागच्या काचेशी हरीश थर्मास धरून उभा होता. पूर्ण वेळ त्याने मुलाच्या डाव्या पायावरून नजर हलवली नव्हती.

वेद कपडे करून बाहेर आला तेव्हा प्रभा गाडीत बसली होती. हरीश दाराशी उभा होता, कापणारा हात कोटाच्या खिशात.

“डावीकडची बाहेरची कड बसलीय,” हरीश म्हणाला. “माझ्याकडून.”

“नाही बाबा,” वेद म्हणाला. “आज बर्फ मऊ होता.”

हरीशने त्याच्याकडे पाहिलं. बर्फ मऊ नव्हता. बाहेर उणे चार होतं, आतला बर्फ काचेसारखा कडक वाजत होता, आणि वीस वर्षं काचेशी उभ्या राहिलेल्या माणसाला तो आवाज कळत होता. त्याने मान हलवली, पटल्यासारखी.

मग डाव्या हाताने त्याने वेदच्या खांद्यावरची स्केट्सची पिशवी उतरवून घेतली आणि गाडीकडे चालू लागला. पिशवी त्याला जड होत होती. वेद त्याच्या मागून, लंगडत, त्याच्यापेक्षा वेगाने जायचं नाही एवढं सांभाळत चालत राहिला.